अहिराणी–मराठी शब्दकोश: वर्डमधून इनडिझाइनमध्ये नेताना (मदत हवी आहे)

पांझराकाठ | ३ जून, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. इथे डीटीपी, युनिकोड, छपाई यातलं कळणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे मामा धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर अहिराणी शब्द जमवायला लागले. आधी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, मग वह्यांत, मग मी गळ्यात मारलेल्या लॅपटॉपवर. आता साधारण ९,४०० नोंदी झाल्यात. अहिराणी शब्द, व्याकरण, मराठी अर्थ आणि बऱ्याच ठिकाणी वापराचं एखादं वाक्य. मामा ७९ वर्षांचे आहेत. त्यांना छापील पुस्तक हातात हवंय, वेबसाइट-बिबसाइट नको.

हस्तलिखिताची अवस्था अशी: वर्डच्या तीन फायली. 'अ' ते 'ध' श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचे, स्वतःचे वेगळे संकेत असलेले फॉण्ट) टाइप केलेलं, ते मी मागच्या वर्षी कन्व्हर्टरमधून युनिकोडात आणलं. 'न'पासून पुढे थेट युनिकोडात, मंगल फॉण्टमध्ये. शीर्षशब्द ठळक, व्याकरण कंसात, उदाहरण तिरपं, आणि हे सगळं हाताने. शब्द निवडायचा, ठळक करायचा, पुढे जायचं. स्टाइल (सजावटीचा नाव दिलेला संच) नावाचा प्रकार फायलींत नाही, सगळं 'नॉर्मल'. काही ठिकाणी अर्थ एका रेषेत यावेत म्हणून मामांनी स्पेस मारत नेल्या आहेत. एका ओळीत एकतीस मोजल्या.

एका डीटीपीवाल्याकडे गेलो होतो. त्याने फाइल उघडली, दोन पानं खालीवर केली आणि म्हणाला, सगळं आमच्या फॉण्टात पुन्हा टाइप करावं लागेल. मामांनी चहा संपवला आणि आम्ही उठलो.

म्हणून इनडिझाइन (पुस्तकाची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) एका महिन्यासाठी घेतलंय. फाइल आत ओढली तर:

– पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटली, पाय मोडलेले दिसतात.
– ठळक शब्दांवर गुलाबी पट्टे.
– सगळा मजकूर एकाच फ्रेममध्ये, कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह.
– शब्दकोशात पानाच्या डोक्यावर पहिला आणि शेवटचा शब्द असतो ना, तो ४०० पानांवर हाताने टाकायचा का?

कुठून सुरुवात करू?

---

अक्षरमैत्री | ३ जून, रात्री १०:४१

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पॅराग्राफ स्टाइल उघडा, जस्टिफिकेशनमध्ये जा, कंपोझर या खान्यात 'ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. वेलांट्या आपापल्या जागी जातील. सीएस६ या जुन्या आवृत्तीच्या काळात ही सोय आत होती पण मेनूत दिसत नसे, स्क्रिप्ट चालवून चालू करावी लागायची. आता सरळ यादीत आहे. एकेका परिच्छेदाला लावू नका, मूळ स्टाइललाच लावा.

त्याच स्टाइलमध्ये भाषा 'मराठी' करा. पुष्कळ फॉण्टांत हिंदी वळणाचे ल आणि श मुळात असतात आणि मराठी वळणाचे आत लपलेले असतात. भाषा मराठी सांगितली की ते बाहेर येतात. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हेच ल आणि श मराठीसाठी ठरवले आहेत, पण छापील पुस्तकांत अजून सर्रास हिंदी दिसतात. कोशात तरी नकोत.

लाल अधिकचिन्ह म्हणजे उरलेला मजकूर. फाइल प्लेस करताना (म्हणजे इनडिझाइनच्या पानावर आणताना) शिफ्ट दाबून क्लिक केलंत की लागतील तेवढी पानं ते स्वतः करतं.

---

उगाचच | ३ जून, रात्री ११:०२

एवढा खटाटोप कशाला? वर्डमधूनच पीडीएफ काढा आणि प्रेसला द्या. लोक पीएचड्या तशाच छापतात.

---

अदृश्य जोडक | ४ जून, सकाळी ७:५५

@उगाचच, टिंगल करत असाल तरी मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पानाच्या डोक्यावरचे शब्द वर्डही देतो. 'स्टाइलरेफ' नावाचं फील्ड आहे, पानावरचा पहिला किंवा शेवटचा शब्द आपोआप उचलतं. शंभर पानांचा कोश असता तर मीही तेच सांगितलं असतं.

पण इथे दोन अडचणी. वर्डच्या पीडीएफमध्ये काळा रंग बहुधा आरजीबीत (लाल-हिरवा-निळा मिसळून) जातो आणि प्रेसला नुसता काळा हवा असतो, नाहीतर नऊ पॉइंटच्या मात्रा चार रंगांत फुटून धूसर दिसतात. आणि वर्डमध्ये दोन कॉलमांचा एवढा मजकूर असला की एक ओळ वाढवली तर पुढचं सगळं कसं सरकेल याचा नेम नाही. पांझराकाठ, तुम्ही निवडलेला रस्ता बरोबर आहे, फक्त पावलं उलटी पडली. आधी वर्ड साफ करा, मग प्लेस करा.

---

खिळेजोड | ४ जून, सकाळी ११:२०

जोडकांशी सहमत. मी १९८४ ला पुण्यात छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, पुढे पेजमेकर, आता इनडिझाइन. तीन कोश केलेत. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

इनडिझाइन आज बंद करा. महिन्याचे पैसे वाया जातील ते जाऊ द्या. आधीचे तीन आठवडे वर्डमध्येच जाणार आहेत.

तुमच्या कोशाची खरी अडचण अशी की दोन्ही भाषा देवनागरीत आहेत. मराठी–इंग्रजी कोश असता तर रोमन अक्षरं दिसली की अर्थ सुरू झाला, हे यंत्राला एका ओळीत सांगता येतं. इथे 'आंडोर' अहिराणी आणि 'मुलगा' मराठी हे फक्त मामांना, तुम्हाला आणि त्या ठळकपणाला माहीत आहे. तो ठळकपणा आयात करताना हरवला, तर शीर्षशब्द कुठे संपला हे सांगायला पुन्हा माणूस बसवावा लागेल. म्हणून 'रिमूव्ह स्टाइल्स' हा पर्याय चुकूनही दाबू नका. माझ्या पहिल्या कोशात मी दाबला होता. त्यावर जास्त बोलत नाही.

करायचं काय, तर वर्डमध्ये तीन पॅराग्राफ स्टाइली बनवा: नोंद, उपनोंद, अक्षरशीर्ष. आणि पाच कॅरेक्टर स्टाइली: शीर्षशब्द, अंक, व्याकरण, उदाहरण, पाहा. (सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांना वर बारीक १, २ देतो तो 'अंक'. 'अमुक शब्द पाहा' असा निर्देश म्हणजे 'पाहा'. अंक शीर्षशब्दाच्या स्टाइलमध्ये घालू नका, का ते पुढे कळेल.) प्रत्येकीला भडक रंग द्या. शीर्षशब्द लाल, व्याकरण हिरवं, उदाहरण निळं. पान दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं दिसेल, पण चूक लांबून दिसते. जिथे लाल नाही तिथे नोंद मोडलीय. इनडिझाइनमध्ये त्याच नावाच्या स्टाइली आधी काळ्या रंगात करून ठेवा आणि आयात करताना नावं जुळली तर इनडिझाइनची व्याख्या वापर असं सांगा. रंग आपोआप जातात.

आता ठळक शोधून त्याला 'शीर्षशब्द' लावायचं. इथे एक खड्डा आहे. वर्डच्या लेखी देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'. तिचा फॉण्ट, आकार, ठळकपणा तो रोमनच्या शेजारी पण वेगळ्या कप्प्यात ठेवतो. शोधाच्या खिडकीत फॉण्ट उघडलात की दोन खाने दिसतील. वरच्यात ठळक निवडलंत तर 'काही सापडलं नाही' म्हणेल आणि तुम्ही डोकं धरून बसाल. खालच्यात निवडा.

स्पेसा: दोन किंवा जास्त सलग स्पेस शोधून एक करा. एकतीसही जातील.

आणि पहिला प्रयोग 'क' वर करू नका. 'ओ' किंवा 'ठ' घ्या, चारपाच पानांचं अक्षर. तेवढं शेवटपर्यंत न्या, पीडीएफ काढा, कागदावर छापून बघा. मग बाकीचं.

---

बागलाणी | ४ जून, दुपारी १:०९

वाचनखूण साठवली. मामांना दंडवत. आमच्या घरातली शेवटची अहिराणी बोलणारी पिढी म्हणजे आजी.

---

उगाचच | ४ जून, दुपारी १:३०

एक भाबडा प्रश्न. अहिराणी ही बोली ना मराठीची? मग 'द्विभाषिक' कोश कसा?

---

बागलाणी | ४ जून, दुपारी १:४४

आले! ग्रियर्सन या भाषाअभ्यासकाने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशी (अहिराणी तिच्यातच येते) मराठीच्या खंडात घातलेली नाही, भिल्ली भाषांच्या भागात घातली आहे, खंड ९, भाग ३. आणि २०११ च्या जनगणनेत खानदेशी वेगळी मोजली आहे, १८ लाखांच्या वर माणसं. तुम्ही बोली म्हणा, आम्ही घरी भाषा म्हणतो. 'बठ्ठा' म्हणजे काय ते कोश न बघता सांगा, मग बोलू.

---

उगाचच | ४ जून, दुपारी १:५२

बथ्थड? 🙂

---

बागलाणी | ४ जून, दुपारी १:५३

सगळा. बठ्ठा म्हणजे सगळा. धागा भरकटतोय, थांबते.

---

अदृश्य जोडक | ४ जून, रात्री १०:३०

खिळेजोड काकांनी अर्धं काम सांगितलं. उरलेलं अर्धं मी सांगतो, आणि त्यात त्यांच्याशी थोडा मतभेदही आहे.

पांझराकाठ, तुमच्या फायलीत 'ऱ्ह' किती ठिकाणी आहे? अहिराणीत 'करी ऱ्हायना', 'ऱ्हावानं' वगैरे पदोपदी येतं म्हणून विचारतो. हा ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ (युनिकोडात ०९३१), मग हलन्त, मग ह. दोन, साधा र (०९३०), हलन्त, मग झेडडब्ल्यूजे म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, मग ह. माझं नाव त्याच्यावरूनच. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. पण वर्णानुक्रम लावताना साध्या पद्धतीने, म्हणजे नुसत्या क्रमांकावर लावलात, तर पहिल्या तऱ्हेचे शब्द 'र' चे सगळे शब्द संपल्यावर वेगळ्या ढिगात पडतात आणि दुसऱ्या तऱ्हेचे 'र' च्या आतच राहतात. एकच शब्द दोन ठिकाणी. तुमचा अर्धा मजकूर कन्व्हर्टरमधून आलाय आणि अर्धा थेट टाइप झालाय, त्यामुळे दोन्ही तऱ्हा असणार हे मी न बघता सांगतो. एक तऱ्हा ठरवा आणि दुसरी शोधून बदला. तीच गत ॲ ची: एक अखंड (०९७२), एक 'अ' वर चंद्र (०९४५) चढवलेला.

कन्व्हर्टरच्या भागात आणखी शोधा: स्पेसनंतर लगेच आलेली काना-मात्रा, एकावर एक दोन मात्रा, शब्दाच्या शेवटी लोंबणारा हलन्त. ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसत असेल तर ते वर्तुळ शोधायला जाऊ नका, ते मजकुरात नसतंच. मात्रेला आधार सापडला नाही की अक्षर चितारणारं इंजिन ते स्वतः काढतं.

क्रमाबद्दल. लिबरऑफिस कॅल्कमध्ये सॉर्टच्या पर्यायांत भाषा मराठी निवडता येते. मराठी क्रमात ळ हा ह च्या मागे जातो, नुसत्या क्रमांकावर लावलं तर तो ल आणि व च्या मध्ये घुसतो.

आता मतभेद. वर्डमध्ये स्टाइली लावून थेट इनडिझाइनमध्ये नेऊ नका. मध्ये एक तक्ता करा. एक नोंद म्हणजे एक ओळ. रकाने: शीर्षशब्द, अंक, व्याकरण, अर्थ, उदाहरण, पाहा. कोश हा निबंध नव्हे, ती यादी आहे, तिला यादीसारखं ठेवा. तक्त्यातून इनडिझाइनच्या टॅग्ड टेक्स्टमध्ये काढायची छोटी स्क्रिप्ट मी लिहून देतो. टॅग्ड टेक्स्ट म्हणजे साधी मजकूर फाइल, तिच्यात 'इथून ही स्टाइल सुरू, इथे बंद' असं कोनी कंसांत लिहिलेलं असतं. इनडिझाइन ती प्लेस करताना सगळं सजवूनच घेतं.

---

खिळेजोड | ५ जून, सकाळी ९:१५

तक्ता कागदावर छान दिसतो हो. पण ७९ वर्षांच्या माणसाला प्रूफ दाखवायचं आहे. ते वर्डच्या फायलीत वाचतील, खुणा करतील. रकान्यांच्या जाळ्यात लांब उदाहरण एका खोक्यात कोंबलेलं त्यांना दिसेल का तरी? आणि ज्या नोंदीत दोन व्याकरणं, तीन अर्थ, मध्येच एक म्हण, ती सहा रकान्यांत कशी मावणार? मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश उघडून बघा. १८५७ ची आवृत्ती आहे आणि एकेक नोंद अर्धा कॉलम चालते.

---

अदृश्य जोडक | ५ जून, सकाळी ९:५०

प्रूफ त्यांना पीडीएफवर दाखवा, कागदावर छापून. ते लाल पेनने करतील. प्रश्न असा आहे की ती लाल दुरुस्ती कुठे टाकायची. वर्डमध्ये टाकली तर इनडिझाइन जुनं राहतं. इनडिझाइनमध्ये टाकली तर वर्ड जुनं, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मूळ कुठलं ते कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही तीन कोश केलेत काका, तुम्हाला हे घडलंच असणार.

---

खिळेजोड | ५ जून, सकाळी १०:०५

घडलंय. दुसऱ्या कोशाची सुधारित आवृत्ती काढताना छापील पुस्तकावरून पुन्हा टाइप केलं. बरं, मान्य. पण तक्त्यात जायला आधी स्टाइली लागतातच, हे तुम्हीही माना. रकाना कुठे तोडायचा हे त्या सांगणार.

---

अदृश्य जोडक | ५ जून, सकाळी १०:११

१००% मान्य. वर्डमध्ये एकेका स्टाइलचा मजकूर शोधायचा आणि त्याच्या मागेपुढे कुठेच न वापरलेलं एखादं चिन्ह टाकायचं, § सारखं. मग त्या चिन्हावर रकाने तोडायचे. एकाहून जास्त अर्थांच्या नोंदींना खाली उपनोंदीची वेगळी ओळ द्यायची आणि 'मूळ नोंद' हा सातवा रकाना ठेवायचा. तुमची अर्धा कॉलमवाली नोंदही बसते.

---

पांझराकाठ | ५ जून, रात्री ११:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं. ऱ्ह ४१२ ठिकाणी, त्यात १७० जोडकवाले. आणि 'ऱ्हावानं' खरंच दोनदा आहे, दोन वेगळ्या अर्थांनी लिहिलेला. मामांना फोन केला. म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत, एक कर."

उद्यापासून रंगकाम.

---

अक्षरमैत्री | ६ जून, दुपारी १२:२५

फॉण्टचं राहिलं होतं. ते गुलाबी पट्टे म्हणजे इनडिझाइन म्हणतंय की या फॉण्टात ठळक वजन (जाडी) नाही. वर्ड अशा वेळी अक्षर आपल्या मनाने जाड करून फसवतो, इनडिझाइन फसवत नाही. त्यामुळे फॉण्ट निवडताना आधी बघायचं ते वजन. टिरो देवनागरी मराठी दिसायला फार देखणा आहे, आणि पुस्तकी वळणाचा आहे, पण त्यात साधा आणि तिरपा एवढंच आहे, ठळक नाही. कोशात ठळक नसेल तर डोळा शब्दावर थांबत नाही. एक वाट अशी: मजकूर टिरोत, शीर्षशब्द मुक्त या फॉण्टच्या जाड वजनात. मुक्तला सात वजनं आहेत, आणि बिनसेरिफ असल्यामुळे शब्द वेगळा उठून दिसतो. दुसरी वाट नोटो सेरिफ देवनागरी, सगळं एकाच घरातलं. वजनं भरपूर. दोन्हीची एकेक पानं छापून मामांसमोर ठेवा. ते निवडतील तेच बरोबर, डोळे त्यांचे ७९ वर्षांचे आहेत.

देवनागरीला वरखाली जागा लागते. नऊ पॉइंटला अकरावर ओळी बसवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. बारा तरी द्या.

आणि कॉलम दोन्ही बाजूंनी सरळ करायचा मोह टाळा. डेमी अष्टमांशात दोन कॉलम म्हणजे एका ओळीत पाच-सहा शब्द. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये मोकळ्या जागेच्या नद्या वाहतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

---

पांझराकाठ | २५ जून, रात्री ९:३०

वीस दिवसांनी येतोय.

रंगकाम झालं. काकांचा कॉम्प्लेक्सवाला खड्डा माहीत नसता तर पहिल्याच दिवशी सोडलं असतं. तरीही ३००-एक नोंदींत लाल आलंच नाही. मामांनी तिथे शब्द ठळक न करता अधोरेखित केले होते, कारण त्या वर्षी 'बी'चं बटण चालत नव्हतं म्हणे. तक्ता झाला. जोडक दादांची स्क्रिप्ट चालली. अहिराणीत ळ चा य होतो (डोळा–डोया, काळा–काया), त्यामुळे क्रमात शीर्षशब्दांना ळ चा फटका बसला नाही.

आता 'ओ' चा नमुना काढला. नोंदी सुरेख आल्यात. पण डोक्यावरच्या शब्दांनी छळलंय. टेक्स्ट व्हेरिएबल (पानागणिक आपोआप बदलणारा मजकूर) केलं, रनिंग हेडर, कॅरेक्टर स्टाइल 'शीर्षशब्द', डाव्या पानावर पहिला, उजव्यावर शेवटचा. एका पानावर नुसता स्वल्पविराम येतो. एका पानावर अर्धाच शब्द. एका पानावर मागच्या पानाचा शब्द.

---

खिळेजोड | २५ जून, रात्री १०:०२

तिन्ही ओळखीची भुतं आहेत.

स्वल्पविराम: तो एकटा कुठेतरी शीर्षशब्दाच्या स्टाइलमध्ये अडकलाय, बहुधा शब्द तुटक ठळक केल्यामुळे. यंत्र त्यालाच शब्द समजतं. स्टाइल शीर्षशब्द आणि मजकूर फक्त विरामचिन्ह, असं शोधून स्टाइल काढा. व्हेरिएबलमध्ये शेवटचं विरामचिन्ह गाळायचाही पर्याय आहे, पण ते शब्दाला चिकटलेल्यासाठी, सुट्यासाठी नाही.

अर्धा शब्द: मधलं एखादं अक्षर स्टाइलमधून सुटलंय. वर्डमध्ये अक्षर नंतर घुसवलं की होतं असं. म्हणूनच 'अंक' वेगळा ठेवा म्हणालो होतो, नाहीतर पानाच्या डोक्यावर 'ओटा२' आलं असतं.

मागच्या पानाचा शब्द: त्या पानावर एकही नोंद सुरू होत नसणार. एकच लांब नोंद पान भरून चाललीय. तेव्हा ते मागचा शब्द दाखवतं, आणि तेच बरोबर आहे. वाचक त्या शब्दाच्या आतच आहे.

आणि पॅराग्राफ स्टाइलच्या कीप ऑप्शन्समध्ये नोंदीच्या पहिल्या दोन ओळी एकत्र ठेवा. अक्षरशीर्षाला 'पुढच्या परिच्छेदाच्या दोन ओळींसोबत'. कॉलमच्या तळाशी एकटं 'ठ' लोंबत राहिलेलं बघवत नाही.

---

अदृश्य जोडक | २५ जून, रात्री १०:२०

फक्त या दुरुस्त्या इनडिझाइनमध्ये करू नका. तक्त्यात. कृपया.

---

पांझराकाठ | २५ जून, रात्री १०:२४

हो दादा. स्वल्पविराम स्क्रिप्टमधून आला होता. तक्त्यात 'ओटा, ओटी' असा एकच रकाना होता.

---

अदृश्य जोडक | २५ जून, रात्री १०:२६

🙏 माझी चूक. उद्या दुरुस्त करून पाठवतो.

---

पांझराकाठ | २ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

संपूर्ण कोश पानांवर आला. इनडिझाइनचा दुसरा महिनाही भरला, तो हिशेब सांगत नाही. ४११ पानं, पुढे मनोगत, संक्षेप, वर्णक्रमाची टीप धरून १२. प्रेसवाले म्हणतात १६ पानी फर्मा (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पानं), म्हणजे ४३२. नऊ पानं कोरी उरतात. काय घालू? मराठी–अहिराणी उलटी सूची नऊ पानांत मावणार नाही.

मामांनी टिरो आणि मुक्तची जोडी निवडली. कारण विचारलं तर म्हणाले, पाठ्यपुस्तकासारखं दिसतं.

---

अक्षरमैत्री | २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

अभिनंदन! नऊ पानांत शेतीची अवजारं, भांडी, नाती असे विषयवार शब्द द्या. फक्त शब्द, मराठी प्रतिशब्द आणि पान क्रमांक. पण ती यादीही तक्त्यातून काढा आणि ळ कडे लक्ष ठेवा, आता मराठी शब्द क्रमाने येणार. 'कावळा' आधी, 'काळा' नंतर.

---

बागलाणी | २ ऑगस्ट, रात्री ८:३२

बठ्ठं काम व्हयनं का भाऊ? दोन प्रती माझ्यासाठी ठेवा. एक आजीला.

---

पांझराकाठ | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

ठेवतो ताई. बठ्ठं नाही झालं. मामांना नऊ पानं कोरी आहेत हे मी सांगायला नको होतं. आज सकाळी सहाला फोन, आणखी ३४ शब्द. त्यातले अकरा 'ऱ्ह' चे.

---

अदृश्य जोडक | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०९

कुठल्या ऱ्ह ने टाइप केलेत?

---

पांझराकाठ | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

त्यांनी व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो पाठवलाय.